खाजणावरचा खोटा हंस

मी एक जुना हंस आहे, मित्रांनो, पण खरा नव्हे. मी टॅमरॅक झाडाच्या काड्यांचा आहे. मला कधी उडता आले नाही, पोहता आले नाही, आणि गवत चवीला कसे लागते तेही मला ठाऊक नाही. माझे काम एकच होते. थंड उत्तरेकडच्या एका नदीच्या मुखाशी खाजणात उभे राहायचे आणि वरून जाणाऱ्या खऱ्या हंसांना वाटायला लावायचे, की खाली आपलाच कोणी भाऊबंद निवांत चरतो आहे. ते उतरत आणि मरत. अशा धंद्यात जन्म घालवलेल्याने कोणाला उपदेश करू नये, हे मला कळते. तरी सांगतो. इथून सगळे गेले, मी मात्र होतो तिथेच राहिलो, त्यामुळे जे घडले ते पहिल्यापासून माझ्याइतके कोणी पाहिलेले नाही.

माझा जन्म पानगळीतला. आमच्या टॅमरॅकची पाने सुयांसारखी असतात आणि थंडीच्या तोंडावर पिवळी होऊन गळतात. ती गळाली की बारीक काड्या नागड्या होतात, पण अजून लवचीक असतात. त्याच आठवड्यात झेबेदीने मला बांधले. तेव्हा तो म्हातारा नव्हता. गुडघ्यावर काड्यांची जुडी घेऊन तो दोरीचे वेढे असे आवळायचा, की माझ्या पोटातून करकर आवाज येई. मान वेगळ्या जुडीची, चोचीचे टोक सुरीने तासलेले. त्याची बायको जेमायमा हिने पिठाच्या रिकाम्या पोत्याचा पांढरा अंगरखा शिवून मला घातला, कारण आम्हाला बोलवायचे होते पांढऱ्या हंसांना. पंखांची टोके तिने कोळशाने काळी केली. पोत्यावरची गिरणीची अक्षरे मात्र धुऊनही गेली नाहीत. ती माझ्या पोटावर राहिली.

झेबेदीचा चुलतभाऊ इनोक मला बघून पोट धरून हसला.

"वहिनी, हा हंस आहे की पिठाची गोणी? उतरतील खरे, पण पाव मागायला उतरतील."

"तुझ्या तोंडाला भुलून बायको आली ना घरात?" जेमायमा दोरा तोडत म्हणाली. "मग ह्याला हंस का नाही भुलणार?"

आणि भुलले, मित्रांनो. पहिल्याच वसंतात भुलले. खाजणावर अजून बर्फाचे तुकडे पडलेले होते. झेबेदीने आम्हा काड्यांच्या आठ हंसांना वाऱ्याकडे तोंड करून उभे केले, स्वतः झुडपांच्या फांद्यांच्या आडोशात बसला आणि तोंडाने हंसाची हाक घालू लागला. आकाशात एक रेघ वाकली, खाली आली, आणि मला कोणीतरी पहिल्यांदाच आपले मानले. पुढच्या क्षणी बंदूक वाजली. मेलेल्या हंसांपैकी एकाच्या हनुवटीखाली काठी टेकवून झेबेदीने त्याला माझ्या शेजारी बसवले, म्हणजे कळप आणखी भरलेला दिसावा. दिवसभर तो माझ्याबरोबर उभा होता. त्याच्या पाठीवरची पिसे वाऱ्याने हलत होती. माझी हलत नव्हती. मला त्या दिवशी फार वाईट वाटले, आणि त्यानंतर दर वेळी वाटले. सवय होते म्हणतात, मला झाली नाही.

पण एक सांगतो, झेबेदी खाटीक नव्हता. आमच्या लोकांत शिकारीचा एक कारभारी असतो, आणि आमच्या नदीच्या मुखावरचा कारभारी तो होता. वसंतात तिथे चार कुटुंबे तळ ठोकत. कारभाऱ्याची बंदूक वाजल्याशिवाय चारही तळांवर कोणी चाप ओढायचा नाही. वारा पडलेला असेल त्या दिवशी शिकार बंद, कारण शांत हवेत बंदुकीचा आवाज मैलोन् मैल जातो आणि सगळ्याच हंसांना धास्ती बसते. पहिल्या हंसाच्या मांसाचा एक तुकडा आधी विस्तवाला. हाडे कुत्र्यांपुढे टाकायची नाहीत, झाडाला बांधायची. आणि सगळ्यांत मोठी रीत अशी, की दिवस मावळायच्या आत जेवढ्या हंसांची पिसे काढून होतील तेवढेच मारायचे. मारला आणि तसाच पडून कुजला, याच्याएवढे पाप आमच्याकडे दुसरे नाही.

पिसे काढायच्या बायका. त्यामुळे आकडाही त्यांचाच. रोज पहाटे आम्हाला पोत्यात भरून खांद्यावर टाकले, की झेबेदी तंबूच्या दारात थांबे आणि विचारी, "आज किती?" जेमायमा आपल्या बोटांकडे बघून सांगे, "पंधरा." त्या दिवशी प्रत्येक तळावर पंधराच. सोळावा हंस बंदुकीच्या नळीसमोर येऊन नाचला तरी झेबेदी त्याला सोडून देई. संध्याकाळी तंबूत दोऱ्यांना टांगलेले हंस विस्तवावर गरगर फिरत, चरबी ठिबकत असे, आणि इनोक दुसऱ्यांच्या नेमबाजीच्या खोट्यानाट्या गोष्टी सांगे. मी दाराशी पोत्यात पडून ऐकत असे. माझे नाव निघाले की मला अभिमान वाटायचा. "पिठाच्या गोणीने आज नऊ उतरवले," असे इनोक म्हणायचा. खोटे कशाला बोलू, तो अभिमान मला आवडत असे.

अशी कितीतरी वर्षे गेली. मग बाजारातून प्लास्टिकचे हंस आले. हलके, वाऱ्याने फुगणारे, एकावर एक रचून ठेवता येणारे. इनोकने पन्नास आणले. माझे सात सोबती हळूहळू चुलीत गेले. झेबेदीने मला मात्र ठेवले. माझ्या दोऱ्या त्याने दोनदा बदलल्या, आणि मला नेहमी सगळ्यांच्या पुढे उभे केले.

त्याच सुमाराला पांढरे हंस वाढू लागले. आधी आम्ही सगळे खूश झालो. आकाश भरून येत असे, आवाजाने माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नसे. झेबेदीची मुलगी वायोलेट हिने मात्र भुवई उंचावली. ती शिकून आली होती आणि खाजणाची पाहणी करणाऱ्यांकडे कामाला लागली होती. ती सांगे, की दक्षिणेत जिथे हे हंस हिवाळा काढतात तिथे आता शेतेच शेते झाली आहेत. कापणीनंतर सांडलेले धान्य खाऊन ते गुबगुबीत होतात, पूर्वी हिवाळ्यात मरायचे तेही आता जगतात, आणि सगळे मिळून आपल्या खाजणावर येतात. पांढरा हंस वसंतात गवत कुरतडत नाही, मुळासकट उपटतो. गवत गेले की चिखल उघडा पडतो, उन्हाने तापतो, आतले मीठ वर येते, आणि मग तिथे काहीच उगवत नाही. हंस कमी व्हावेत म्हणून दक्षिणेत सरकारने शिकाऱ्यांना मुद्दाम जास्त मोकळीक दिली होती, वसंतातही. पण आमच्याकडे कचेरीचा हुकूम चालत नाही, कारभाऱ्याचा चालतो.

वायोलेटने खाजणात बिछान्याएवढा एक तुकडा जाळीने बंदिस्त केला. दोन वर्षांत जाळीच्या आत हिरवे आणि बाहेर करडे असे दिसू लागले. इनोक म्हणाला, "गवताने काय गुन्हा केला गं, तुरुंगात घातलंस ते?" वायोलेट हसली नाही.

इकडे जेमायमाची बोटे सुजू लागली होती. पंधराचे दहा झाले, दहाचे सहा. तिच्या शेवटच्या वसंतात ती दोनावर आली. बाकीच्या तळांवर धडधाकट हाताच्या बायका होत्या, पण कारभाऱ्याच्या घरच्या आकड्याच्या वर जायचे नाही ही रीत. आकाशात हंस मावत नव्हते आणि खाली चार तळांवर मिळून आठ हंस मारले जात होते. जेमायमा एकदा स्वतःच म्हणाली, "माझ्या बोटांवर सगळ्यांची चूल कशाला अडकवतोस? वायोलेटला विचारत जा." झेबेदीने ऐकले न ऐकल्यासारखे केले. तिच्याऐवजी दुसऱ्या कोणाला आकडा विचारायचा म्हणजे तिचे दिवस भरले असे तोंडाने म्हणायचे, असे त्याला वाटले असावे.

त्याच वसंतात वायोलेट आडोशात येऊन बसली. मी समोर दहा पावलांवर होतो, वारा माझ्याकडे होता, म्हणून शब्द न् शब्द मला ऐकू आला.

"बाबा, तुझ्या शब्दावर चार तळांवरच्या बंदुका उठतात. वारा असेल त्या दिवशी भरपूर मारू या. सगळ्या बायका मिळून पिसं काढतील. आतल्या गावांना मांस पाठवू, वाया काही जाणार नाही. हंस फार झालेत."

"असं बोलू नको," झेबेदी म्हणाला.

"का?"

"पाहुणा दारात आला की तू फार झालास म्हणतात का त्याला? ते ऐकतात, पोरी. ऐकलं की येत नाहीत. मोजू पण नये त्यांना."

"ते येतच राहतील, बाबा. गवत येणार नाही."

झेबेदीने तिला चहा ओतून दिला आणि विषय संपवला. मी काड्यांचा, मला काय कळते? त्या दिवशी मला झेबेदीचेच पटले होते. किती आदराने बोलतो हा माणूस, असे वाटले होते मला.

त्या हिवाळ्यात जेमायमा गेली. मी कोठीत होतो, मला पाहता आले नाही. दार उघडे राहिले होते आणि माणसे ये-जा करताना हळू बोलत होती, त्यावरून समजले.

पुढच्या वसंतात झेबेदीने मला पोत्यात भरले, खांद्यावर टाकले, आणि तंबूच्या दारात सवयीने थांबला. आत चूल होती, वायोलेट होती, जेमायमा नव्हती. त्याने विचारले नाही. विचारले नाही म्हणून कोणी आकडा सांगितला नाही, आणि आकडा नाही म्हणून त्याने बंदूक उचलली नाही. तो आडोशात बसून राही, मला समोर उभे करून. हंस माझ्या अवतीभवती उतरत, मुळे उपटत, माझ्या पोटाला घासून जात. तो बघत बसे. कारभाऱ्याची बंदूक वाजली नाही, म्हणून चारही तळांवर कोणी बार काढला नाही. त्याच्या दुःखाचा मान राखायचा म्हणून इनोकसारखा बोलका माणूसही गप्प राहिला. वायोलेट त्या वसंतात पुन्हा बोलली. त्याच्या पुढच्या वसंतात जरा कडक शब्दांत बोलली. झेबेदी म्हणायचा, "बघू." असे दोन वसंत गेले. आमच्या लोकांचा चांगुलपणाच असा, मित्रांनो, की एका म्हाताऱ्याचे मन मोडू नये म्हणून सगळ्यांनी मिळून एक खाजण मोडू दिले.

त्या दोन वर्षांत माझ्या पायाखालची जमीन बदलली. पूर्वी माझी काठी गवताच्या मुळांत घट्ट बसे. आता ती चिखलात रुते आणि तिरकी होई. भरती ओसरली की पांढरा क्षार वाळून उरे. हंसांनी मला कधी इजा केली नाही, उलट रोज माझ्या सोबतीला आले. तरी त्या वर्षी मला पहिल्यांदा वाटले, की हे इथून जातील तर बरे. आणि वाटले तेव्हा लाजही वाटली, कारण ते बिचारे फक्त जेवत होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात, झेबेदी मला खाजणातच विसरला होता तेव्हा, पिल्ले आली. ती किनाऱ्याने आईबापांच्या मागे चालत येतात, आणि आमच्या खाजणाला पोचली की खाऊन मोठी होतात. त्या वर्षी खायला काही नव्हते. पिल्ले चिखलात चोची खुपसत, काढत, पुढे जात. आईबाप बाजूला माना उंच करून पहारा देत उभे होते. सगळे रीतसर चालले होते, फक्त गवत नव्हते. आठवड्याभरात पिल्ले बसू लागली. बसलेले पिल्लू सहसा उठत नसे. एक माझ्या सावलीत येऊन बसले. मी त्याला कोण वाटलो कोण जाणे. मला हलता आले नाही, बोलता आले नाही, पंख पसरून त्याला पोटाशी घेता आले नाही. एवढी वर्षे त्यांच्यातला एक असल्याचे सोंग केले, आणि खरोखर कोणाला माझी गरज लागली तेव्हा मी काड्यांचा निघालो.

वायोलेटने झेबेदीचा हात धरून त्याला तिथवर आणले. त्याने माझ्या पायाशी पडलेले ते पिल्लू उचलले. पिसे फुटायचे वय झाले होते, तरी त्याला ती फुटली नव्हती. त्याने ते तळहातावर तोलले, पुन्हा तोलले. मग टोपी काढली, त्यात ते ठेवले, आणि आजूबाजूची उचलू लागला. टोपी भरली तेव्हा ती वायोलेटपुढे धरली.

"तू मोजतेस ना?" तो म्हणाला. "मोज मग."

वायोलेटने त्याच्यासमोर मोजली. तो शेवटपर्यंत उभा राहिला.

तिसऱ्या वसंतात तो पहाटे तंबूच्या दारात थांबला. मी पोत्यात होतो, त्याच्या पाठीला लागून, त्यामुळे त्याने भरलेला श्वास मला कळला. जेमायमा गेल्यापासून पहिल्यांदाच त्याने मोठ्याने विचारले, "आज किती?"

आत वायोलेट एकटी नव्हती. चारही तळांवरच्या बायका बाह्या सारून बसल्या होत्या, अगदी इनोकची सत्तर वर्षांची बायकोसुद्धा.

"आम्ही बारा जणी आहोत, बाबा," वायोलेट म्हणाली. "आज आकडा नाही. आणशील तेवढे."

वारा छान होता. चार तळांवरच्या बंदुका झेबेदीच्या पहिल्या बाराची वाट पाहत आडोशांत बसल्या. त्याने मला सर्वांत पुढे उभे केले, माझी मान सरळ केली, आणि तोंडाने हाक घातली. म्हातारा झाला होता, पण ती हाक इतकी खरी होती, की मलाच उत्तर द्यावेसे वाटले. थवे आले. खूप उंचावरून आले. एक रेघ वाकली, खाली उतरू लागली. मग पुढच्या हंसाने खाली नीट पाहिले. करडा चिखल, पांढरा क्षार आणि त्यात उभा असलेला मी. त्याने पंख मारले, रेघ सरळ झाली आणि उत्तरेकडे निघून गेली. मागची रेघही गेली. दुपारपर्यंत झेबेदी हाका घालत होता, आवाज बसेपर्यंत. एकही उतरला नाही. जिथे गवताचे पाते नाही तिथे चरणाऱ्या हंसाचे सोंग कोणाला पटणार? आयुष्यात मी पहिल्यांदाच कोणालाही फसवू शकलो नाही, आणि त्याचे मला जेवढे दुःख झाले तेवढे फसवल्याचेही कधी झाले नव्हते.

मला पोत्यात भरून तो रिकाम्या हाताने तंबूकडे परतला. बायका तशाच बसून होत्या, बाह्या सारलेल्या. वायोलेट बाहेर आली.

"तुझी आई असती," झेबेदी खाली बघत म्हणाला, "तर वेळेवर बोलली असती मला."

"आई बोलली होती, बाबा," वायोलेट म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आणि मी बोलले होते. तीन वसंत बोलले."

झेबेदीने मला खांद्यावरून खाली ठेवले.

"हो," तो म्हणाला. "बोलली होतीस."

दुसऱ्या दिवशी त्याने चार तळांच्या लोकांसमोर आपली पहिल्या बाराची बंदूक वायोलेटच्या हातात दिली. आता तीच कारभारी आहे. ती माणसे घेऊन उत्तरेला जाते. तिथे पुढचे एक खाजण अजून हिरवे आहे आणि पांढरे हंस आता त्यावर उतरतात. वारा बघून, बायकांना विचारून, ती भरपूर शिकार करते. मांस गावोगाव जाते, हाडे झाडाला लागतात. ते खाजण वाचेल की नाही, कोणी सांगत नाही. इनोकचे प्लास्टिकचे हंस तिच्याबरोबर गेले. मला कोणी नेले नाही. माझ्या दोऱ्या कुजल्या आहेत, अंगरख्याच्या चिंध्या झाल्या आहेत, आणि त्या कामाला मी आता उपयोगी नाही.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. ज्याच्यावर माया असेल, त्याच्याबद्दलची कडू गोष्ट ऐकायला कचरू नका. हंसांना फार झालात म्हणणे झेबेदीला अपमान वाटले, म्हणून हंसांचीच पिल्ले उपाशी मेली. त्याने कधी त्यांचा द्वेष केला नाही. नुसता आदर करून कोणाचे पोट भरत नाही, एवढेच मला सांगायचे आहे. आणि कोणी पुन्हा पुन्हा तीच गोष्ट सांगत असेल, तर त्याच्या हातातला चहाचा पेला भरून विषय संपवू नका.

झेबेदी अजून येतो. उन्हाळ्यात, ओहोटीला. नदीच्या वरच्या काठावर जिथे गवत शिल्लक आहे तिथून मुळासकट ढेकळे कापून आणतो आणि गुडघ्यावर बसून या खारट चिखलात लावतो. दहा लावली तर त्यांतली आठ तरी आठवड्याभरात करपतात. दोन तगतात. तो काठीचा आधार घेत उठतो, दोन पावले सरकतो, आणि पुन्हा बसतो. मी समोर उभा असतो. मला हात असते, तर मी त्याला एक ढेकूळ लावू लागलो असतो.